ज. गे. म्हणजे कोण

शेवटच्या प्रकरणाचे कागद त्यांच्या उशीखाली सापडले. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेली एकोणीस पानं. पहिल्या सात-आठ पानांवरचं अक्षर नेहमीचं, उजवीकडे किंचित कललेलं. पुढे ते सरळ होत जातं, मग डावीकडे झुकतं, आणि अखेरच्या पानांवर ओळी कागदाच्या कडेकडून खाली घसरू लागतात. त्या घसरणाऱ्या ओळींत दोन अक्षरं सारखी येत होती. ज. गे.

माझे पती नांदेडला संध्याकाळच्या वर्गांना कायदा शिकवत. दिवसभर कचेरीत, दुकानात, एसटीच्या आगारात काम करून आलेली माणसं त्यांच्यासमोर बसत. त्यांना इंग्रजी पुस्तकं जड जातात म्हणून निवृत्तीनंतर ह्यांनी आंतरराष्ट्रीय कायद्यावर मराठीत एक पुस्तक लिहायला घेतलं. अकरा प्रकरणं लातूरच्या एका छोट्या छापखान्यात टाइप होऊन पडली होती. बारावं राहिलं होतं, आणि तेच त्यांना सगळ्यात जवळचं होतं. हवामान बदलल्यामुळे ज्यांना आपला देश सोडून दुसऱ्या देशात जावं लागतं, त्यांना कायदा काय संरक्षण देतो?

"उत्तर एका ओळीत मावतं," ते म्हणायचे. "जवळजवळ काहीच नाही. पण ती ओळ लिहायला मला अख्खं प्रकरण लागणार आहे."

मी शाळेत ग्रंथपाल होते. पुस्तक जिथलं तिथं ठेवणं एवढंच आयुष्यभर केलं. त्यामुळे ते गेल्यावर ही एकोणीस पानं वाचून, नीट लिहून काढून, पुस्तकात त्यांच्या जागी बसवणं हे माझंच काम होतं. छापखान्यानं सांगितलं होतं, बाराव्या प्रकरणाशिवायही पुस्तक निघेल. मी म्हटलं, थांबा.

त्यांच्या शेवटच्या वर्षात आम्ही दुपारी विष्णुपुरीकडे जाऊन बसायचो. माझं बालपण तिथल्याच वसाहतीतलं. वडील पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या फुगवट्याचं पाणी हिवाळ्यात हलत नाही. धुकं असलं की पलीकडचा काठ नाहीसा होतो आणि उथळ जागेवरचे गवताचे पुंजके पाण्यावर तरंगत असल्यासारखे दिसतात. ह्यांनी मला दूरच्या समुद्रातली ती बेटं तिथंच दाखवली. म्हणजे त्या पुंजक्यांकडे बोट करून. भरतीचं पाणी विहिरीत शिरतं, विहीर खारट होते, मग अळूचे वाफे जळतात, मग माणसं भावाच्या उंचावरच्या घराकडे सरकतात, आणि एक दिवस सरकायला जागा उरत नाही.

"त्यातला एक माणूस दुसऱ्या देशात गेला," ते सांगत. "मुदत संपल्यावर न्यायालयात म्हणाला, मला परत पाठवू नका. न्यायालयानं विचारलं, तुझा छळ कोण करतं? कायद्यात निर्वासित कोण, तर ज्याला छळाची भीती आहे तो. आणि छळसुद्धा पाचच कारणांवरून. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या गटातला असणं, राजकीय मत. आता समुद्र काय वंश विचारून घरात शिरतो?"

"मग?"

"मग काय. तुझ्या मागे कुणी लागलेलं नाही म्हणाले. पाठवलं परत, बायकापोरांसकट. पुढे मानवी हक्कांच्या मोठ्या समितीनं म्हटलं, ह्याच्या बाबतीत चूक झाली असं आम्ही म्हणत नाही, पण जिथं जिवालाच धोका आहे तिथं माणसाला परत पाठवता येणार नाही, अशी वेळ पुढे येऊ शकते. येऊ शकते! एवढीशी फट आहे बघ दाराला. तेवढ्यातून उजेड येतोय."

ते बोटांनी फट दाखवायचे. मला ती फट त्या धुक्यात खरोखर दिसायची.

ते गेले त्यानंतरच्या आठवड्यांत मी रोज सकाळी ती पानं घेऊन बसे. घर इतकं शांत होतं की पेन्सिलीच्या खुणा वाचताना ती कागदावर घासल्याचा आवाज ऐकू यायचा. आतल्या खोलीत ते लिहीत बसले आहेत आणि मी त्यांच्या मागोमाग, एक पान अंतर ठेवून, चालले आहे असं वाटायचं. चहा दोन कप व्हायचा. दुसरा कप मी थंड झाल्यावर प्यायचे.

वकिलांना लघुरूपं लिहायची सवय असते. वा. म्हणजे वादी, प्र. वा. म्हणजे प्रतिवादी. ह्यांनी पुस्तकासाठी वापरलेल्या सगळ्या लघुरूपांची यादी शेवटच्या पानावर करून ठेवली होती. फक्त ज. गे. त्यात नव्हतं.

पानं तर त्याच दोन अक्षरांनी भरली होती:

'ज. गे. यांच्या मागे कुणी लागलेलं नसतं.'

'ज. गे. यांचं नाव कोणत्याच वहीत नसतं. इथल्या वहीतून गेलेलं असतं, तिथल्या वहीत आलेलं नसतं.'

'ज. गे. यांना सीमेवरून परत पाठवू नये.'

'ज. गे. परत येतील असं धरून चालू नये. येणारच नाहीत असंही धरू नये.'

त्याच सुमारास मी रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करायला तहसीलमध्ये गेले होते. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं होतं, "कुणाचं कमी करायचंय?" घरी आले, पान उघडलं, आणि समोर ती ओळ आली. नाव कोणत्याच वहीत नसतं. मला क्षणभरही शंका आली नाही. ज. गे. म्हणजे जगातून गेलेले.

मला वाटलं, शेवटी शेवटी त्यांचं मन समुद्रावरून, बेटांवरून घसरत, त्या ओळींसारखंच, दुसऱ्या सीमेकडे गेलं. कायद्याच्या भाषेत ते मरणाबद्दल लिहीत होते. ते मला सांगत होते. जगातून गेलेल्यांच्या मागे कुणी लागलेलं नसतं. जगातून गेलेल्यांना परत पाठवू नये. परत येतील असं धरून चालू नये, येणारच नाहीत असंही धरू नये. ही शेवटची ओळ मी दिवसातून किती वेळा वाचली असेल! झोप न लागणारं माणूस कुशीवर वळतं तशी मी त्या ओळीकडे वळायचे, आणि मला बरं वाटायचं.

मी सगळीकडे ज. गे. खोडून 'जगातून गेलेले' असं लिहिलं, पुस्तकाच्या सुरुवातीसाठी माझं छोटंसं मनोगत जोडलं आणि पानं लातूरला पाठवून दिली. छापखान्यात टाइप करणाऱ्या मुलीचा फोन आला. "मॅडम, धडा कायद्याचाच हाय ना? वाचताना अंगावर काटा येऊन राहिला." मी म्हटलं, हो, कायद्याचाच. मला तिचा काटा आवडला.

मुद्रितं तयार झाली की येऊन एकदा बघा आणि सही करा, मग छपाईला घालू, असं तिनं सांगितलं. एका वाराचं नावही घेतलं, आणि त्या वारी येऊ नका असं सांगितलं असणार. मी त्यातलं अर्धंच ऐकलं. त्या दिवसांत मी सगळंच अर्धं ऐकत होते.

नांदेडहून निघाले तेव्हा धुकं होतं. लोहा कधी गेलं कळलं नाही. अहमदपूरच्या पुढे ऊन आलं आणि दोन्ही बाजूंना तुरीची पिवळी फुलं दिसू लागली. काचेला डोकं टेकून मी मधूनमधून झोपत होते. लातूरला उतरले तर शहर नव्हतं.

म्हणजे इमारती होत्या. शिकवणी वर्गांच्या पाट्या होत्या, पाट्यांवर गुण मिळवलेल्या मुलामुलींचे चेहरे होते. पण रस्त्यावर माणूस नव्हतं. डाळमिलच्या बाजूचा कायमचा घरघराट बंद होता. गोलाईच्या बाजारातली दुकानं ओळीनं मिटलेली. एक रिक्षा उभी होती, तिच्यात कुणी नव्हतं. ऊन इतकं स्वच्छ आणि रस्ता इतका रिकामा की माझी पावलं मलाच ऐकू येत होती. मनात आलं, सगळे गेले वाटतं, आणि त्याची भीतीसुद्धा वाटली नाही.

छापखान्याच्या इमारतीखाली एक म्हातारा राखणदार खुर्ची उन्हात ओढून बसला होता.

"छापखाना?" मी विचारलं.

"आज?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तो मुद्दाम बंद करायला लावला. "येळवस हाय, मॅडम. सगळं लातूर रानात. आज हितं कुत्री अन् मी. तुमी आलात, आता गर्दी झाली बगा."

वेळ अमावस्या. लातूर-निलंग्याकडची माणसं त्या दिवशी घराला कुलूप लावून शेतात जातात, कडब्याची खोप करून पूजा मांडतात आणि दिवसभर तिथंच जेवतात. आमच्या नांदेडात तो साधा दिवस असतो. ह्यांचं गाव निलंग्याकडचं, लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी विसरले.

"कुठल्या हायत तुमी?"

"नांदेडची."

"मग बरोबर," तो म्हणाला. माझी चूक दोन शब्दांत निकालात निघाली. "कुनाच्या रानात जावा, जेवा. वळख लागत न्हाई आज."

मी आक्कांना फोन लावला. आक्का म्हणजे ह्यांची मोठी बहीण. निलंग्याच्या पुढे, जिथून कर्नाटकची शीव चालत जाण्याइतकी जवळ आहे, तिथं त्यांचं घर आणि शेत. त्यांनी चार दिवसांपूर्वीच ये म्हणून सांगितलं होतं, आणि दिवस कुठला ते न ऐकताच मी वर्ष झालेलं नाही असं कारण दिलं होतं.

"आक्का, मी लातूरला आहे. चुकून आले."

"चुकून का व्हईना, आलीस न्हवं? बस धर."

"अजून वर्ष झालं नाही, सणाला कसं..."

"रानानं काय सुतक धरलंय व्हय? ये गुमान."

निलंग्याला उतरले तेव्हा आक्कांच्या घरचं कुणीतरी मोटारसायकल घेऊन आलं होतं. हरभऱ्यातून वाट काढत आम्ही खोपीपाशी पोचलो. पूजा झाली होती. खोपीत चुना लावलेले पाच दगड, त्यांच्यापुढे आंबिलीची मडकी. घोंगडं पांघरून, डोक्यावर मडकं घेऊन पिकाभोवती आंबील शिंपडत कुणीतरी फिरत होतं आणि अर्धं कानडी अर्धं मराठी काहीतरी ओरडत होतं. आजूबाजूच्या शेतांतूनही तेच ओरडणं लांबून येत होतं. कोण कुणाला उत्तर देतंय कळत नव्हतं.

आक्कांनी मला बघितलं. द्रोणात भज्जी वाढली, दहा-बारा भाज्या एकत्र शिजवलेली, आणि बाजरीचे वाफवलेले उंडे. माझ्या तोंडात घास जाईपर्यंत बघत राहिल्या.

"वाळली गं माय," मग म्हणाल्या. "त्यो गेला अन् तुलाबी थोडं थोडं घिऊन गेला."

जेवणं झाल्यावर बाकीचे पांगले. आम्ही दोघी लिंबाच्या झाडाखाली घोंगडीवर बसलो. आक्कांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. मी घरी केलेली नक्कल बरोबर आणली होती.

"हेच का त्याचं पुस्तक? वाच की. मला काय वाचता येत न्हाई, पर त्याचं ऐकायला येतंय."

मी वाचलं. अवघड भाग सोडला, शेवटची पानं वाचली. माझा आवाज शांत होता. ह्या ओळी मला पाठच होत्या. जगातून गेलेल्यांच्या मागे कुणी लागलेलं नसतं. जगातून गेलेल्यांचं नाव कोणत्याच वहीत नसतं. जगातून गेलेल्यांना सीमेवरून परत पाठवू नये.

"थांब," आक्का म्हणाल्या. "काय पाठवू नये?"

मी ओळ पुन्हा वाचली.

"का बरं?" त्यांनी विचारलं. "मेलेल्याला परत पाठवतो म्हनलं एखादं सरकार, तर मी हात जोडीन की त्येला. पाठव म्हनीन बाबा, आजच पाठव. तू नको म्हनशील?"

मी ओळीवर बोट ठेवलं. इतक्या वेळा वाचलेली ती ओळ, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"त्यानं असं लिवलंच न्हाई," आक्का म्हणाल्या. "दाव त्याचं अक्षर."

"त्यांनी नुसतं ज. गे. लिहिलंय. मी त्याचं जगातून गेलेले केलं."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. "पुस्तकाच्या कपाटात जिंदगी गेली तुझी, अन् एवढं न्हाई कळलं? अगं, जगायला गेलेले! जगायला!"

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? आमी न्हाई का गेल्तो जगायला?"

आमच्या घरात हा शब्द नव्हता. धरणाच्या वसाहतीत नळाला पाणी होतं. आमच्यातलं कुणी जगायला गेलं नव्हतं. ह्या भागात दुष्काळात गाव सोडून पाण्याच्या मुलखात जाणाऱ्याला असं म्हणतात, हे कधीतरी कानांवरून गेलं असेल. घर बंद दिसलं तर शेजारी एवढंच सांगतात, जगायला गेले. पळाले म्हणत नाहीत, बेघर झाले म्हणत नाहीत. जिथं जगता येईल तिकडं गेले. ह्यांनी कधी मला तो शब्द समजावून सांगितला नव्हता. आणि मग मला आठवलं की त्या बेटावरच्या माणसाबद्दल बोलताना ते एकदा म्हणाले होते, "अगं, तो जगायला गेला होता, एवढंच." मी ते साधं वाक्य समजले होते.

यादीत ज. गे. का नव्हतं, तेही तिथंच उलगडलं. जो शब्द लहानपणापासून तोंडात आहे त्याचा अर्थ कोण लिहून ठेवतं?

"तुम्ही कुठं गेला होता?" मी विचारलं.

आक्कांनी मान दक्षिणेकडे वळवली. "हितनंच. शिवंपल्याड. दोन रोज चालत. माय, बाप, मी अन् त्यो. हिर आटली, बोराएवढं पानी बी न्हाई राहिलं. तिकडं तळ्याचं काम निघाल्तं. पर काम त्या मुलखातल्यालाच. मस्टरवर नाव पायजे. मुकादम बरा व्हता. त्यो म्हनला, आमच्या गावातला एकजन कामावर येत न्हाई, त्याच्या नावाला ओ देत जा. बापानं धा महिने दुसऱ्याच्या नावाला ओ दिली."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"सगळ्याला ठावं व्हतं. गाव चांगलं. मठात जेवू घालायचे, कोन कुठला इचारलं न्हाई कधी. पर मग वरचा सायब आला तपासायला. बापाला नाव इचारलं, बापानं घोकलेलं नाव सांगिटलं. मग सायब म्हनला, बापाचं नाव? आता ते कुनी शिकवलं न्हवतं!" आक्का पुन्हा हसल्या. "आमच्या बापानं आपल्या खऱ्या बापाचं नाव सांगिटलं. मेलेल्या बापाचं नाव खोटं कसं सांगायचं म्हनला. झालं. तुमच्या मुलखात जावा, म्हनले. जीपगाडीत घालून शिवंवर सोडलं."

"मग?"

"मग काय. आलो. हिर तशीच कोरडी." त्यांनी हात लांब केला. हरभऱ्याचा एक घाटा तोडून बोटांत फोडला. "माय त्याच उन्हाळ्यात गेली. घान पान्यानं. तिकडं राहिलो असतो तर राहिली असती का काय, कोन सांगावं. त्यो मातर जल्मभर म्हनायचा, आपल्याला परत पाठवाय नको व्हतं."

लग्नानंतर मला सांगितलं होतं, सासूबाई ह्यांच्या लहानपणी तापानं गेल्या. एवढंच.

"आमचा बाप म्हातारा झाला तरी," आक्का म्हणाल्या, "बाजारात कुनी त्या मानसाच्या नावानं हाक मारली की मागं वळून बघायचा. आमी लई हसायचो."

ऊन उतरलं होतं. शेजारच्या शेतातून कुणीतरी आमच्याकडे बघून हात हलवला, जेवायला बोलावत असावं. ह्यांचे वडील तिथं कुठंतरी, त्या पिवळ्या उजेडात, दुसऱ्याच्या नावाला ओ देत मान वळवून उभे आहेत आणि त्यांच्यामागे रांगेत ती बेटावरची माणसं उभी आहेत, असं मला दिसत राहिलं.

रात्री मी आक्कांकडेच राहिले. सकाळी लातूरच्या बसमध्ये बसले तेव्हा पुन्हा धुकं होतं. मी स्वतःशी खूप वाद घातला. खोटं कशाला सांगू, मला तो शब्द बदलायचा नव्हता. आक्कांना वाचता येत नाही. संध्याकाळच्या वर्गातल्या मुलांना लघुरूप ठाऊक नाही. माझ्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. 'येणारच नाहीत असंही धरू नये' ही ओळ माझी होती. एवढे महिने मी तिच्यावर काढले होते. आता ती तळ्यावर काम करणाऱ्या कुणा माणसाची होणार होती. ह्यांनी मला शेवटी काही सांगितलंच नव्हतं. ते कायदा लिहीत होते, बस्स. ते मरणाकडे वळलेच नव्हते. हात थरथरत असतानाही ते आईला शिवेपलीकडे ठेवून घेण्याचं एखादं कलम शोधत होते.

आणि ते कलम मी पुसलं होतं. उद्या कुणी विद्यार्थी ते प्रकरण उघडून शोधेल, पाणी नाही म्हणून आलेल्या माणसाला परत पाठवता येतं का? तर त्याला तिथं मेलेली माणसं सापडतील. मेलेल्यांना कुठल्याच कायद्याची गरज नसते.

लातूर परत आलं होतं. हॉर्न, दुचाक्या, पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुली. राखणदारानं मला ओळखलं. "जेवलात का मग?" मी हो म्हटलं.

टाइप करणारी मुलगी संगणकासमोर बसली होती. तिशीच्या आतबाहेरची असेल, कपाळाला भस्माची बारीक रेघ. मी तिला सांगितलं, एक शब्द चुकलाय, सगळीकडे.

"सगळीकडं?" ती म्हणाली. "कोन्ता?"

"जगातून. तिथं जगायला करायचं."

तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग तिची बोटं थांबली. "अय्या, जगायला गेलेले व्हय! आमचे आजोबा गेल्ते की, तिकडं बिदरकडं. मग तर धडा सरळच हाय, मॅडम. मी उगंच भिऊन राहिल्ते."

तिनं एक कळ दाबली. पडद्यावर काही हललंसुद्धा नाही. इतके महिने मी ज्या शब्दात राहत होते तो एवढ्याशा वेळात निघून गेला. ती एकेक पान खाली सरकवत विभक्त्या तपासत होती आणि मी वाचत होते. जगायला गेलेल्यांच्या मागे कुणी लागलेलं नसतं. जगायला गेलेल्यांचं नाव कोणत्याच वहीत नसतं. जगायला गेलेल्यांना सीमेवरून परत पाठवू नये. ओळी तिथंच होत्या, पण आता त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या न्यायालयाकडे बघत होत्या. आणि त्यांत आता ह्यांचा आवाज होता, वर्गातला, फळ्याकडे पाठ करून बोलतानाचा.

"आता एक तळटीप घाला," मी म्हटलं. "प्रकरणाच्या सुरुवातीलाच." मी ती तिथल्या तिथं सांगितली: मराठवाड्यात दुष्काळामुळे गाव सोडून, जगता येईल अशा ठिकाणी गेलेल्या माणसांना असं म्हणतात, ह्या प्रकरणात हा शब्द, हवामान बदलल्यामुळे देशाची सीमा ओलांडणाऱ्या सगळ्या माणसांसाठी वापरला आहे.

तिनं टाइप केलं. मग पुस्तकाच्या पहिल्या पानांकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, हितं बी बदललं बगा. तुमच्या मनोगतात."

मी वाकून पाहिलं. 'हे पुस्तक पूर्ण होण्याआधीच ते जगायला गेले.'

पंखा फिरत होता. खालून रिक्षाचे आवाज येत होते. मी ते वाक्य वाचत राहिले.

"राहू द्यायचं का?" मुलीनं हळूच विचारलं. "वाचाय छान लागतंय."

छान लागत होतं. मला तर ते हातात धरून बसावंसं वाटत होतं. पण तो शब्द काल माझ्या हातात आला तो आक्कांच्या आईसकट आला होता. ज्यांच्यासाठी एखादं दार उघडता येईल, ज्यांना ठेवून घ्या असं कुणाला तरी सांगता येईल, त्यांचा तो शब्द होता. ह्यांच्यासाठी आता कुणाला काही सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "तिथं जगातूनच करा."

तिनं केलं. मी चष्मा पुसून मुद्रितावर सही केली. खालच्या यंत्रावर पहिल्या पानांची छपाई दुपारी सुरू होणार होती. पुस्तकात आता जगातून गेलेलं माणूस एकच होतं.